प्लेगच्या कंड्या आणि सरकारचे कान

ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईतल्या राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला कोणीतरी डांबर फासले. त्याच्या थोडेच दिवस आधी, २३ सप्टेंबरला, डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी मांडवीतल्या एका रोग्याला गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, असल्याचे ओळखले होते. या दोन गोष्टींची लोकांनी सांगड घातली आणि शहरात कंडी पिकली, की अपमानाने चिडलेल्या राणीने मुंबईकरांची काळजे मागवली आहेत आणि ती काढून घेण्यासाठीच माणसांना इस्पितळात नेतात. जोडीला मोमियाईची जुनी आवई होतीच: साहेबलोक माणसाला उलटे टांगून त्याच्या अंगातून औषधी अर्क काढतात. (पुतळ्याला डांबर आपणच फासले, असे पुढे दामोदर चापेकरांनी आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवले. तेव्हा मात्र हे कोणालाच ठाऊक नव्हते.) सरकारी अहवालांनी या कंड्या जपून नोंदवल्या, पण त्या एतद्देशीयांच्या भोळसटपणाचा मासला म्हणून. इतिहासकारांना त्या नोंदी फार उपयोगी पडल्या. ज्यांच्या हाती तेव्हा कारभार होता, त्यांना त्यांचा उपयोग करून घ्यावासा वाटला नाही.

करोनाच्या काळात जागतिक आरोग्य संघटनेने ‘इन्फोडेमिक’ हा शब्द सर्वतोमुखी केला आणि २०२१ मध्ये चुकीच्या माहितीशी सामना करणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना कोणकोणती कौशल्ये हवीत, याचा आराखडाही प्रसिद्ध केला. अशा आराखड्यांविषयी माझी तक्रार नाही. पण आपल्याकडे ते वाचले जातात तेव्हा भर पडतो तो प्रत्युत्तरावर: खोटी बातमी चटकन हेरा, सोप्या भाषेत खोडून काढा, खरी माहिती जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा. मुंबई इलाख्यातल्या प्लेगची पहिली पाच-सहा वर्षे बारकाईने पाहिली तर हा क्रम उलटा वाटू लागतो. त्या वर्षांत जी माणसे यशस्वी ठरली त्यांनी कंडी खोडण्याआधी ती तक्रारअर्जासारखी वाचली. अर्जातला मजकूर खोटा असला तरी अर्जदाराचे दुखणे खरे असू शकते, हे ज्यांना उमगले त्यांचे थोडेफार चालले. बाकीच्यांच्या वाट्याला दगड आले, आणि पुण्यात तर पिस्तुलाच्या गोळ्या.

काळजे काढण्याच्या कंडीत दुखणे कोणते होते? ६ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईच्या म्युनिसिपल कमिशनरांनी हुकूम काढला, की प्लेगचा रोगी सापडला की त्याला सक्तीने इस्पितळात हलवायचे. आर्थर रोडच्या इस्पितळात गेलेली बहुतेक माणसे जिवंत परत येत नसत. कारण सरळ होते. या रोगावर औषध नव्हते आणि रोगी सापडायचा तोच शेवटच्या अवस्थेत. नातेवाइकांना आजाऱ्याजवळ बसता येईना. जातीबाहेरच्या माणसाच्या हातचे अन्नपाणी, परपुरुषाने काखेत-जांघेत हात घालून गाठ चाचपणे आणि मेल्यावर देहाची चिरफाड, असे सगळेच एकदम वाट्याला आले. रोगजंतू शोधणाऱ्यांना प्रेते उघडावी लागत होती, अवयवांचे तुकडे घ्यावे लागत होते. शास्त्राच्या दृष्टीने ते आवश्यकच होते. पण माणूस दाराआड जातो, परत येतो तो प्रेत होऊन, आणि त्या प्रेताला कापल्याची खूण असते, एवढेच ज्याला बाहेरून दिसते, त्याने त्यातून काळजाची गोष्ट रचली तर तिला निव्वळ अडाणीपणा म्हणता येत नाही. तिच्यातली राणी काल्पनिक होती. बंद दार, मृत्यू आणि सुरी या तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

२९ ऑक्टोबरला सुमारे हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. कमिशनर स्नो यांनी लगोलग सक्ती सैल केली. त्यामागे त्यांचा एक हिशेब होता, आणि तो वाचण्यासारखा आहे. शहरातले भंगी आणि हलालखोर भिऊन पळाले तर मुंबईत राहणेच अशक्य होईल, याची त्यांना धास्ती होती. म्हणजे अफवेचे गांभीर्य त्यांना कळले ते तिच्यातल्या आशयामुळे नव्हे, मैला कोण उचलणार या प्रश्नामुळे. तरीही त्यांनी जे केले ते परिस्थितीला धरून होते. वरच्या सरकारला मात्र ही माघार रुचली नाही. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. तो इतका आटोपशीर होता की दोन-चार कलमांत सरकारला हवे ते करण्याची मुभा मिळाली आणि सद्‌भावनेने केलेल्या कृत्याबद्दल दावा लावण्याची वाट बंद झाली. लोकांना काय सांगायचे, तक्रार कोणी ऐकायची, याविषयी त्यात अवाक्षर नव्हते. (२०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्र सरकारने लागू केला तो हाच कायदा. त्याच एप्रिलमध्ये केंद्राने त्यात दुरुस्ती केली, ती आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यांना शिक्षा देण्यासाठी.)

पुण्यात या कायद्याचे रूप दिसले ते रँडसाहेबांच्या प्लेग कमिटीत. मार्च १८९७ पासून मे महिन्यापर्यंत गोरे शिपाई घरोघर तपासणी करीत होते. आजारी माणसे संगमाजवळच्या इस्पितळात आणि त्यांच्या घरचे स्वारगेटजवळच्या विलगीकरण छावणीत जात. सामान जाळले जाई, जमिनी उकरल्या जात, भिंतींना चुना फासला जाई. लोकांच्या भाषेत या सगळ्याला एकच नाव होते, धाड. बायकांवर अत्याचार झाल्याच्या वार्ता गावभर होत्या. पंडिता रमाबाईंनीही इस्पितळातल्या आणि छावणीतल्या स्त्रियांच्या हालांविषयी जाहीरपणे लिहिले. त्या वेळी गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी विलायतेत होते. पुण्याहून मित्रांनी पत्रांत लिहिलेल्या हकिकतींवर विसंबून त्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’ला सांगितले, की शिपायांनी दोन स्त्रियांवर बलात्कार केला आणि त्यांपैकी एकीने जीव दिला. हे छापून आले २ जुलैला. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळी लागलेले रँड ३ जुलैला वारले. एरवीही ज्या विधानाने खळबळ माजली असती, ते त्या आठवड्यात तर स्फोटक ठरले.

गोखले जुलैअखेर मुंबईला उतरले तेव्हा त्यांनी पुरावा गोळा करायचा प्रयत्न केला. पण नावे सांगून पुढे यायला कोणी तयार होईना. ऑगस्टच्या सुरुवातीला त्यांनी गव्हर्नरांची, प्लेग कमिटीची आणि शिपायांची बिनशर्त माफी मागितली. त्याबद्दल स्वकीयांनी त्यांना बरीच वर्षे फैलावर घेतले. या प्रसंगाचे मराठीत आजवर झालेले वाचन प्रामुख्याने राजकीय आहे: कणखर कोण, लेचेपेचे कोण. आरोग्याच्या कामाच्या बाजूने पाहिले तर त्यातून दुसरेच काही निघते. गोखले गणिताचे प्राध्यापक, आकड्यांशिवाय न बोलणारे. अशा माणसालाही ऐकीव गोष्ट खरी वाटली, म्हणजे अफवेवर विश्वास ठेवणे हे अशिक्षितांचेच लक्षण आहे ही समजूत टिकत नाही. दुसरे असे, की माफीमुळे ते दोन विशिष्ट आरोप मागे पडले, पण पुण्यातल्या बायकांनी त्या दोन-अडीच महिन्यांत काय सोसले हा प्रश्न त्याने सुटला नाही. तक्रार ऐकणारे आणि तपासणी करणारे एकाच यंत्रणेतले होते. अब्रूच्या भीतीने कोणतेही घर तोंड उघडणार नव्हते. ज्या गावात खरे सांगण्याला सुरक्षित जागा नाही, तिथे सत्यसुद्धा अफवेच्याच रूपाने हिंडते आणि खोट्यापासून ते वेगळे करणे पुढे कोणालाच शक्य होत नाही, अगदी प्रामाणिक माणसालाही. गोखले १८९८ मध्ये पुण्याच्या प्लेग निवारणात स्वयंसेवक घेऊन उतरले, घरोघर फिरले. त्या कामाची सरकारनेही वाखाणणी केली. चूक जाहीरपणे कबूल केलेला माणूस पुन्हा लोकांच्या दारात उभा राहू शकतो, हे त्यांनी दाखवले. सरकारला ते जमायला आणखी बरीच वर्षे लागली.

इथे एक आक्षेप हटकून घेतला जातो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. प्लेगने हिंदुस्थानात पुढच्या दोन-तीन दशकांत एक कोटीहून अधिक माणसे मारली. अशा रोगापुढे लोकांची समजूत घालत बसायला सवड कुठे होती? घर पेटलेले असताना आत शिरायची परवानगी कोणी मागते का? आक्षेपाचा रोख चुकीचा नाही. काही वेळा सक्ती लागते. पण सक्तीचे समर्थन तिच्या परिणामावर उभे असते, आणि १८९७ च्या सक्तीचा परिणाम उलटा झाला. मुंबईतून लाखो माणसे निघून गेली आणि जाताना रोग कोकणात, घाटावर, देशावर घेऊन गेली. मागे राहिलेल्यांनी आजारी माणूस माळ्यावर लपवला, प्रेत घरातच पुरले किंवा रात्री गुपचूप हलवले. रोग्यांची खरी संख्या कळेनाशी झाली, आणि संख्या कळली नाही की साथीचा माग काढणारा माणूस आंधळा होतो.

याहून अवघड मुद्दा असा, की सरकार ज्याला खरी माहिती म्हणत होते तीच पुष्कळशी चुकीची होती. रोग घाणीतून, दमट जमिनीतून, माणसाच्या संसर्गातून, कपड्यालत्त्यातून पसरतो, असे समजून मुंबईच्या गटारांत रोज लाखो गॅलन कार्बोलिकमिश्रित समुद्राचे पाणी सोडले जात होते. त्याने उंदीर दूरदूर पांगायला मदतच झाली असावी. पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये कराचीत उंदरावरच्या पिसवेचा हात ओळखला. हिंदुस्थान सरकारच्या पहिल्या प्लेग कमिशनने त्याला धूप घातली नाही. मुंबईत ग्लेन लिस्टन यांनी १९०४ च्या सुमारास पिसवांची बाजू पुन्हा मांडली, आणि १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत झालेल्या प्रयोगांनंतर ती निर्विवाद ठरली. उंदीर पटापट मरू लागले की घर सोडावे, ही जाण मात्र हिमालयाच्या पायथ्याच्या कुमाऊं-गढवालात फार पूर्वीपासून होती. तिथले लोक गाव सोडून डोंगरावर जात. आपल्याकडेही खेडीच्या खेडी माळावर झोपड्या बांधून राहू लागली आणि कालांतराने अधिकाऱ्यांनीही याच उपायाची शिफारस सुरू केली. म्हणजे एका बाजूला शिपायांच्या पहाऱ्यात चुना फासणारे शास्त्र, दुसऱ्या बाजूला मेलेला उंदीर पाहून बिऱ्हाड हलवणारा शेतकरी, आणि यांत बरोबर निघाला तो शेतकरी. यावरून लोकांचे सारेच बरोबर असते असा निष्कर्ष काढणे वेडेपणाचे होईल. काळजांची कंडी काढणारेही लोकच होते. पण आपल्या ज्ञानाची हद्द कुठे संपते हे सांगता येणे, हे आरोग्य कर्मचाऱ्याचे कौशल्य आहे, आणि ते या इतिहासात जवळजवळ कोणाकडेच आढळत नाही. जे माहीत नव्हते तेही खात्रीने सांगितले गेले. पुढे ते खोटे ठरले तेव्हा जे खरे होते त्याचीही पत गेली.

खरे होते त्यातली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे हाफकिनची लस. वाल्देमार हाफकिन हा ओदेसाचा ज्यू शास्त्रज्ञ ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका तुटपुंज्या जागेत काम करू लागला. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने लस स्वतःला टोचून घेतली. महिन्याअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना टोचले आणि टोचलेल्यांची तुलना न टोचलेल्यांशी केली. (तुरुंगातल्या माणसाची तयारी कितपत खुषीची असते, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारला नाही.) एकोणीस-वीस वर्षांच्या तिसऱ्या आगाखानांनी सर्वांदेखत टोचून घेतले, ती बातमी आपल्या जमातीत पोचेल अशी व्यवस्था केली आणि प्रयोगशाळेसाठी बंगलाही दिला. यामुळे खोजांमध्ये लस चालली. हे उदाहरण आज ‘समाजाच्या पुढाऱ्यांना सोबत घ्या’ या सल्ल्यासाठी वापरले जाते आणि ते ठीकच आहे. पण आगाखानांनी नुसते आवाहन केले असते तर ते फुकट गेले असते. त्यांनी दंड पुढे केला. ज्याला काही झाले तर आपलेही नुकसान होईल, असा माणूस सांगतो तेव्हा ऐकणाऱ्याचा हिशेब बदलतो.

त्याहून मला महत्त्वाची वाटते ती बडोद्याजवळच्या उंधेरा गावची गोष्ट. फेब्रुवारी १८९८ मध्ये हाफकिनने तिथे प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना टोचले. टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले, ३ दगावले. त्याच घरांतल्या न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले, २६ दगावले. तुलना एकाच उंबऱ्याच्या आत होती, त्यामुळे खाणेपिणे, हवापाणी, नशीब यांतले कोणतेच कारण पुढे करता येईना. शास्त्रज्ञांना हा पुरावा अहवालात मिळाला. उंधेऱ्याच्या माणसांनी तो आपल्याच ओसरीवर पाहिला. उलट हुबळीत १८९८ मध्ये तीस हजारांहून अधिक लोकांनी टोचून घेतले, त्यात पटलेले किती आणि छावणी चुकवण्यासाठी आलेले किती हे सांगणे कठीण आहे. कारण टोचल्याचा दाखला असला की विलगीकरणातून आणि प्रवासाच्या जाचातून सुटका होई. हाफकिनचे काम फत्ते झाले, असे इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहिले. पण सक्तीतून सुटण्यासाठी घेतलेली लस ही विश्वासाची खूण म्हणून मोजता येत नाही, आणि ती तशी मोजल्याचा फटका पुढे पंजाबात बसला.

दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे. कंडीला तक्रारअर्ज म्हणून वागवले तर कंडी पिकवणाऱ्याला बळ नाही का मिळत? काही अफवा मुद्दाम उठवलेल्या असतात आणि त्यांच्या मुळाशी कसलेही दुखणे नसते. हे खरे आहे आणि प्लेगच्या काळातही त्याचा अनुभव आला असेल. पण कोणती कंडी कोणत्या जातीची आहे, हे ऐकल्याशिवाय कळणार कसे? ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत मदनपुऱ्यात जुलाह्यांच्या वस्तीतून एका आजारी मुलीला न्यायला तपासणी पथक गेले, घरचे आडवे आले, दगडफेक झाली, पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली. सरकारने सुरुवातीला याला हुल्लडबाजांचे कारस्थान ठरवले. पण नंतरच्या महिन्यांत जे बदल झाले, त्यांवरून अधिकाऱ्यांना मूळ गोष्ट कळली होती असे दिसते. तपासणीत त्या त्या समाजातली वजनदार माणसे आणि हकीम-वैद्य घेतले गेले, जातवार खासगी इस्पितळांना मोकळीक मिळाली, आजाऱ्याजवळ आपले माणूस बसू लागले. पुण्यात टिळकांनी त्याआधीच हिंदू प्लेग इस्पितळ उघडले होते. म्हणजे तपासणीवर कडाडून टीका करणारा माणूस रोग नाकारत नव्हता, तो इस्पितळाचे दार कसे असावे एवढेच सांगत होता. हडपसरजवळ माळरानावर डॉ. यशवंतराव फुले यांनी थाटलेल्या दवाखान्यात सावित्रीबाई स्वतः रोगी आणत आणि त्यातच १० मार्च १८९७ रोजी प्लेगने गेल्या. त्या दवाखान्यात माणसांनी जायला खळखळ केल्याचे कोणी लिहून ठेवलेले मला आढळत नाही. इस्पितळ वाईट, हे लोकांचे म्हणणे कधीच नव्हते. हे इस्पितळ वाईट, असे ते म्हणत होते, आणि कंडीच्या भाषेत बोलले म्हणून त्यांचे म्हणणे अंधश्रद्धेच्या खात्यात जमा झाले.

जातवार इस्पितळांनी शिवाशिव पक्की केली, हा दोष मान्य करावा लागेल. लोकांचे ऐकायचे म्हणजे त्यांच्यातल्या वजनदारांचेच ऐकायचे असा अर्थ त्या वेळी घेतला गेला, आणि ज्यांच्या जमातीत शेटजी नव्हते त्यांच्या वाट्याला सरकारी झोपडीच राहिली. ऐकण्याचे कौशल्य यामुळे खोटे ठरत नाही. मात्र कोणाचे ऐकले याचा हिशेब त्या कौशल्यातच धरायला हवा.

उरते ती मुल्कोवालची हकिकत. पंजाब सरकारने १९०२ मध्ये लाखो लोकांना टोचण्याची प्रचंड मोहीम आखली. तिथेही आवया होत्या: सुई गजभर लांब आहे, टोचताच माणूस मरतो, नाहीतर सहा महिन्यांनी कोसळतो, पुरुषांचे पुरुषत्व जाते, बायका वांझ होतात, खुद्द डेप्युटी कमिशनर टोचून घेतल्यावर अर्ध्या तासात वारले. सगळे साफ खोटे. अधिकारी ते खोडून काढण्यात गुंतलेले असतानाच ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुल्कोवाल या गावी एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. एका रात्रीत, निदान तेवढ्या गावापुरते, खोटे खरे झाले. सरकारने मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तिने हाफकिनच्या परळच्या प्रयोगशाळेकडे बोट दाखवले, हाफकिनला कामावरून दूर केले गेले आणि अहवाल वर्षानुवर्षे लोकांपुढे आला नाही. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही साक्ष कागदांत होती. प्रयोगशाळेत लस दूषित झाली असती तर इतर बाटल्यांतही धनुर्वात दिसायला हवा होता, तो कुठेच दिसला नाही. यातले काहीही त्या वेळी मोकळेपणाने सांगितले गेले असते, तर चूक हाताळणीत झाली, लशीत नव्हे, हे पंजाबातल्या माणसाला समजण्याजोगे होते. पडलेला चिमटा कोणालाही कळतो. त्याऐवजी कचेऱ्यांत पत्रव्यवहार चालू राहिला आणि गावोगाव त्या एकोणीस मरणांची गोष्ट पसरत गेली. पंजाबची मोहीम बसली. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये हाफकिनची बाजू जोरात मांडली, वर्षाखेरीस त्याच्यावरचा ठपका पुसला गेला आणि तो कलकत्त्याला रुजू झाला. तोवर पाच वर्षे उलटली होती. खुलासा छापला गेला तो विलायतेतल्या इंग्रजी वर्तमानपत्रात, आणि त्याच पाच वर्षांत प्लेगने सर्वांत जास्त बळी घेतले ते पंजाबात.